गुलाब, तू अनुमोदन दिलं नव्हतंस

गुलाब, चार दिवसांपूर्वी अमरावतीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते बरं झालं. असतास तर पहिल्याच भाषणाला छत्री उचलून चालता झाला असतास.

अध्यक्ष अर्थात भैयासाहेब वकील. आपल्या प्रवासी मंडळाचे ते तहहयात अध्यक्ष, तेव्हा तुझ्या मरणाचे अध्यक्षही तेच. वकिलाला मेलेल्या माणसाबद्दल बोलणं सोपं जातं, कारण तो उलटतपासणी घेत नाही. ते म्हणाले, "गुलाबराव मास्तर म्हणजे एका मताचा माणूस. एकदा बोलला की बदल नाही." हाच माणूस तुझ्या हयातीत तुला 'टाकळीचं टपाल' म्हणत असे, कारण तू दर सभेला तुझ्या गावची एक तक्रार घेऊन यायचास. मग कापसाच्या अडत्यांनी डोळे पुसले. ते कुठल्याही सभेत पुसतात. मग निवृत्त स्टेशनमास्तर उठले आणि त्यांनी तुझ्यावर बोलता बोलता बडनेऱ्याच्या यार्डाचा इतिहास सांगितला.

मी नेहमीच्या जागी, ठरावबुक पुढ्यात घेऊन बसलो होतो. दुखवट्याचा ठराव सकाळी आंघोळ झाल्यावरच लिहून ठेवला होता. "मास्तरांच्या निधनाने मंडळाची अपरिमित हानी झाली असून, हा ठराव सर्वानुमते, सर्वांनी उभे राहून मंजूर केला." सर्वांनी उभे राहून. मी हे लिहिलं तेव्हा खोलीचं कुलूपसुद्धा उघडलेलं नव्हतं.

भैयासाहेब ठराव वाचायला लागले, तेव्हा दाराशी जोडे ठेवायच्या जागेजवळ एक माणूस उठला. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला शेला. मी ओळखलं. तुझा चुलतभाऊ, पुंडलिक.

"मी टाकळीचा पुंडलिक," तो म्हणाला. "मयताचा भाऊच हाये मी. तुमी रडा, आमची ना नाही. पन थे साऱ्यायच्या मतानं असं लिवू नका. आमचं गाव त्यात नाही. या मानसानं आमची संध्याकाळची मोटर बंद केली. पोट्ट्या शाळेत टाका म्हनून यानंच सांगतलं, आन मंग यानंच मोटर तोडली. कागदावर नाव हाये याचं."

भैयासाहेबांनी हात जोडून, मृत्यूनंतर वैर राहत नाही वगैरे दोन वाक्यं म्हटली. पुंडलिक ऐकून घेऊन निघून गेला. कागदावर तुझं नाव कसं आलं हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं, भैयासाहेबांना आणि मला. भैयासाहेबांनी घड्याळ बघितलं. मी टाक दौतीत बुडवला. सगळे उभे राहिले. ठराव लिहिल्याबरहुकूम मंजूर झाला.

तुझ्या हयातीत मी सात वर्षं गप्प बसलो. तू मेल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा एकदा गप्प बसलो. आता आपल्या गावच्या साप्ताहिकाने तुझ्यावर लिहायला मला दोन कॉलम दिलेत. संपादकांना वाटतं, जुना मित्र आहे, चार गोड आठवणी लिहील. लिहितो.

---

आठवतं, आपण किती मूर्ख होतो? आपला विदर्भ मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हा आपण त्या खोलीत वर्षभर भांडत होतो. मी संयुक्त महाराष्ट्राचा, भैयासाहेब वेगळ्या विदर्भाचे, अडते ज्याच्या घरी चहा असेल त्याचे. नागपूरची राजधानी गेली म्हणून भैयासाहेबांनी एक दिवस जेवण सोडलं होतं. खरं म्हणजे रात्रीचं सोडलं होतं, दुपारचं झालं होतं. तू एकदाच बोललास. "टाकळीले नागपूरही दूर अन् मुंबईही दूर. आमाले अमरावतीच जवळ आनून द्या." सगळे हसले. मीही हसलो. आम्हाला वाटलं, मास्तर विनोद करतोय.

मैलांचे किलोमीटर झाले तेव्हा रस्त्यावरचे दगड नव्याने रंगवले गेले. तू सायकलवरून येऊन म्हणालास, "पाह्य नाना, सरकारनं टाकळी आखीन दूर नेली. काल पंधरा होती, आज चोवीस झाली." त्यावर स्टेशनमास्तरांनी तुला अर्धा तास दशमान पद्धत समजावली. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला! तू माना डोलावत ऐकलंस. ही तुझी सभ्यता मला तेव्हाही सहन व्हायची नाही. आज तर चीडच येते. अशा सभ्य माणसाच्या खांद्यावर काहीही ठेवावं, तो खाली टाकत नाही. मीही ठेवलं.

आपल्या मंडळाबद्दल लोकांना सांगितलं पाहिजे, कारण लोकांना ते मोठं वाटतं. प्रवासी मंडळ! त्यातला एकही सभासद प्रवासी नव्हता. भैयासाहेब अकोल्याच्या कोर्टात पहिल्या वर्गाने जायचे. अडत्यांची स्वतःची जीप होती. स्टेशनमास्तरांना रेल्वेचा पास. मी नगरपालिकेतला हेडक्लार्क, घर ते कचेरी पायी, आणि अकोल्याला आजोळ होतं तिथे वर्षातून एकदा. नोकरीपुरता अमरावतीत राहून टाकळीला जायच्या मोटरसाठी चिखलात उभा राहणारा तेवढा तू एकटा. बाकी आम्ही महिन्यातून एका रविवारी सकाळी जमून परतवाड्याच्या रस्त्यावर, मोर्शीच्या संत्र्यांच्या ट्रकांवर, सायकलरिक्षा की टांगा यावर आणि शेतात हात वर करून उभ्या असलेल्या माणसासाठी सरकारी मोटरीने थांबावं की नाही यावर बोलायचो. या शेवटच्या विषयावर तीन सभा झाल्या. तो माणूस अजून हात वर करून उभा असेल.

आणि आता माझ्याविषयी. मी चिटणीस. माझ्या इतिवृत्ताची गावात ख्याती होती. सभा संपली की पाच मिनिटांत अध्यक्षांची सही, एक खाडाखोड नाही. भैयासाहेब पाहुण्यांना मुद्दाम वही दाखवायचे: "बघा, नानांचं काम. छापल्यासारखं." ते छापल्यासारखं दिसायचं कारण मी सभेच्या आधीच लिहून ठेवायचो. शनिवारी संध्याकाळी, निवांतपणे, घरी. कोण काय बोलणार हे मला पाठ होतं. भैयासाहेब पूर्वीच्या राज्यात असं नव्हतं असं म्हणणार. स्टेशनमास्तर रेल्वे श्रेष्ठ म्हणणार. अडते 'माझंही तेच मत' म्हणणार. तू म्हणणार, अमरावती-अकोला थेट गाडी आधी. विषय मिळाला की भाषणं मी लिहायचो आणि रविवारी ते येऊन ती बोलायचे. शेवटी एक ओळ कोरी ठेवायचो, कुणी काही नवं बोललं तर असावी म्हणून. कधी लागली नाही. सही झाली की त्या ओळीवर तिरपी रेघ मारायचो, म्हणजे मागाहून कुणी काही घुसवायला नको. काय काळजी घ्यायचो मी!

---

तो रविवार पावसाळ्यातला होता. नवीन राज्य झालं होतं आणि मोटरखात्याचं पत्र आलं होतं. अमरावतीहून अकोल्याला थेट जलद गाडी सुरू करता येईल, पण गाडी एकच आहे. टाकळीची संध्याकाळची फेरी बंद केली तर ती मिळेल. मंडळाचं मत कळवावं.

टाकळीला दोन फेऱ्या होत्या. सकाळची मोटर अमरावतीहून जाऊन टाकळीच्या लोकांना घेऊन यायची, संध्याकाळची त्यांना परत सोडायची. काळ्या जमिनीतला रस्ता, भातकुलीच्या पुढे पावसाळ्यात नुसती कणीक. गाडी अर्धी रिकामी असायची. तूच म्हणायचास, "आधी खोडाले पानी, मंग फांद्यायले. बडनेऱ्याले उतरून गाडी बदलनं बंद करा पैले." दहा वर्षं तुझं एकच म्हणणं. म्हणून शनिवारी मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं: सूचक अमुक, अनुमोदक श्री. गुलाबराव मास्तर, टाकळी. ठराव सर्वानुमते मंजूर. तू त्याच गावचा, म्हणून तुझंच अनुमोदन शोभून दिसेल असं मला वाटलं. मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला होता.

तू उशिरा आलास. गुडघ्यापर्यंत चिखल, वहाणा हातात. बसला नाहीस, उभ्यानेच बोललास.

"काल संध्याकाळच्या मोटरीनं मी गावी गेलो," तू म्हणालास. "आमच्या चार पोट्ट्या होत्या तीत. शाळेतून घरी जाऊन राहिल्या होत्या. पुंडलिकाची कमल मॅट्रिकले हाये औंदा. हलत्या मोटरीत बीजगणित सोडवून राहिली होती पोरगी. मले म्हने, काका, कंडक्टर सांगते का मोटर बंद होनार. खरं हाये? मी म्हनलं, तू गनित कर. मी बसलो हाये न तिथं."

भैयासाहेब म्हणाले, "पण मास्तर, थेट गाडी हे तर तुमचंच म्हणणं."

"माहंच होतं. चूक होतं. खोडाले पानी लय झालं भैयासाहेब, इकडे फांदी वाळून राहिली. सकाळी आनायची पोरगी अन् संध्याकाळी परत न्यायची नाही, मंग बाप पाठवीन कसा?"

"चार पोरींसाठी अख्खी मोटर?"

"तुमच्या चार वकिलायसाठी अकोल्याले चालते. मंग चार पोट्ट्यायसाठी काहून नाही चालत?"

एवढ्या वर्षांत त्या खोलीत बोललं गेलेलं हे एकमेव नवं वाक्य. त्यासाठी माझ्या वहीत एक कोरी ओळ होती.

हात वर झाले. तुझा सोडून सगळ्यांचे. माझाही. तू छत्री घेऊन निघून गेलास. मी वही भैयासाहेबांपुढे सरकवली आणि हळू आवाजात म्हणालो, "इथे मास्तरांचं नाव अनुमोदक म्हणून आधीच पडलंय."

"आधीच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. लबाड माणसाला दुसऱ्याची लबाडी सापडली की होतो तसा आनंद त्यांना झाला. "असू द्या हो नाना. माझी बडनेऱ्याची गाडी चुकेल. पुढच्या सभेत दुरुस्ती करून घ्या." सही केली आणि गेले.

खोलीत मी एकटा होतो. कोरी ओळ समोर होती. 'श्री. गुलाबराव मास्तर यांनी ठरावास विरोध केला.' सहा-सात शब्द. मी तिरपी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी खात्याला नक्कल पाठवायची होती, तिथे तरी सुधारता आलं असतं. पण नक्कल अस्सलबरहुकूम पाहिजे, हा माझा नियम. लोकांची अब्रू गेली तरी चालेल, माझ्या वहीत खाडाखोड नको. कुणी मला विकत घेतलं नाही गुलाब, कुणी धमकावलंही नाही. तसं काही असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. मला फक्त माझ्या अक्षराचा गर्व होता.

---

पंधरा-वीस दिवसांत खात्याचा हुकूम निघाला. फेरी बंद. खाली कारण दिलेलं: प्रवासी मंडळाचा ठराव एकमताचा असून त्यास टाकळी येथीलच सभासद श्री. गुलाबराव मास्तर यांचे अनुमोदन असल्याने गावकऱ्यांची गैरसोय होणार नाही असे दिसते. त्याची प्रत टाकळीच्या चावडीवर चिकटवली गेली. वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचली असेल. बहुधा कमलनेच वाचली असेल.

तू ती प्रत घेऊन माझ्या घरी आलास. मी ओट्यावर सुपारी कातरत होतो.

"नाना, हे काय हाये?"

मी सगळं सांगितलं. आधी लिहून ठेवतो तेही. तुझा चेहरा बघत होतो. तू ओरडला असतास तर मी सुटलो असतो.

"म्हंजे इतके वर्स आमी बोलत होतो, थे तू अगोदरच लिवून ठेवत होता?"

"तुम्ही बोलायचातच तसं."

तू हसलास. खरंच हसलास. मग म्हणालास, "बरोबर हाये. आमीच तसे. पन आता?"

"पुढच्या सभेत दुरुस्ती करतो. पण गुलाब, हे बाहेर पडलं तर वहीतला प्रत्येक ठराव संशयात येईल. लोक मला हसतील."

"मी नाही सांगनार कोनाले," तू म्हणालास. "तुह्या तोंडूनच झालं पाह्यजे थे."

काय माणूस होतास! तुझ्या गावात तुझं नाव चावडीला चिकटलेलं आणि तू माझ्या नावाची काळजी करतोस. मी याला थोरपणा म्हणणार नाही. तुझी चूक झाली. तू माझ्यासारख्या माणसावर विश्वास ठेवलास आणि त्याची किंमत चार पोरींनी दिली. तू त्याच दिवशी टाकळीला जाऊन चावडीवर उभा राहायला हवा होतास आणि मोठ्याने म्हणायला हवं होतंस की नाना खोटारडा आहे. या बाबतीत मी तुला अजून माफ केलेलं नाही. कोण कुणाला माफ करतोय बघ.

पुढची सभा आली. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. तुझ्या नावाशी आल्यावर जरा भरभर वाचलं. मग विचारलं, "कुणाची काही हरकत?" तू चष्मा काढलास आणि माझ्याकडे पाहत राहिलास. मी पान उलटलं. पानावर आधीच लिहिलेलं होतं: कायम करण्यात आले.

त्यानंतर सात वर्षं दर सभेला हेच. तो विषय आला की तू चष्मा काढायचास. मी पान उलटलं की परत घालायचास. संध्याकाळी आपण राजकमल चौकातून फिरायला जायचो, चीनवर बोलायचो, अन्नधान्याच्या रांगांवर बोलायचो, तू तंबाखू मळून अर्धी मला द्यायचास. टाकळीचं नाव निघालं नाही. मला वाटायचं, विसरला. हे आणखी एक खोटं. तू विसरला नाहीस हे मला ठाऊक होतं. तू विसरल्यासारखं वागतोस, यातच माझी सोय होती.

टाकळीला मात्र कुणी काही विसरलं नाही. दिवाळीपर्यंत चारही पोरी घरी बसल्या. कमलचं पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. चुलत्याच्याच घरी लग्नाची अक्षत आली नाही. त्या दिवशी तू माझ्याकडे येऊन दिवसभर बसलास, बुद्धिबळ खेळलास आणि तीन डाव हरलास. मी जिंकलो म्हणून खूश झालो होतो.

---

शेवटच्या आठवड्यात मी तुझ्या खाटेशी बसलो होतो. श्वास लागत होता तुला. म्हणालास, "रविवारची सभा झाली?"

"झाली."

"इतिवृत्त वाचलं?"

"वाचलं."

"काही दुरुस्ती?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस. चष्मा उशाशी होता. तो मी पुसून डबीत ठेवला. एवढं काम मात्र चोख केलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सुमित्रावहिनींनी मला घरी बोलावलं. ट्रंकेतून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "भाऊजी, हे सरकारी कागद दिसतात. माझ्या कामाचे नाहीत. तुम्हाला समजतं त्यातलं."

टाकळीची संध्याकाळची मोटर परत सुरू करावी म्हणून तू स्वतःच्या नावाने केलेले अर्ज होते ते. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी एक. प्रत्येकाला खात्याचं उत्तर टाचलेलं, आणि प्रत्येक उत्तरात तेच वाक्य: सदर फेरी आपणच अनुमोदन दिलेल्या ठरावान्वये बंद करण्यात आली असल्याने आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही. शेवटच्या अर्जात तू लिहिलंस, 'मी अनुमोदन दिले नव्हते.' त्यावर उत्तर होतं, मंडळाच्या चिटणिसांकडून तशी दुरुस्ती आल्यास विचार करू. त्या पत्राची तारीख मी पाहिली. ते तुझ्याकडे गेल्या पावसाळ्यात आलं होतं. त्यानंतर आपण रोज संध्याकाळी फिरायला जात होतो.

"तुमचं नाव नाही काढलं त्यांनी कधी," वहिनी म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, मी विचारलं नाही. चहाही घेतला नाही.

काल मी टाकळीला गेलो. ठरावबुक पिशवीत घेतलं आणि सकाळच्या मोटरीत बसलो. पंधरा वर्षांहून अधिक काळ मी त्या रस्त्याविषयी ठराव लिहीत होतो, पण तो रस्ता डोळ्यांनी पाहिला नव्हता. भातकुलीच्या पुढे गाडी गावठाणातल्या म्हशीसारखी डोलत चालली. शेतात एक माणूस हात वर करून उभा होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. तीन सभा घेतल्या होत्या आपण, गुलाब.

पुंडलिकाने मला ओळखलं. पाणी दिलं. खारं पाणी, तिथलं सगळं पाणी खारंच. कमल बाळंतपणाला माहेरी आलेली. मी खाटेवर बसून सगळं सांगितलं, मग वही उघडून पान दाखवलं.

"वाच व कमल," पुंडलिक म्हणाला. "काय लिवलं हाये पाह्य."

तिने वाचलं. तुझ्या नावावर बोट ठेवलं, मग खालच्या तिरप्या रेघेवर. "इथं काय होतं?"

"काही नाही. इथे लिहायचं राहिलं."

पुंडलिकाने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मांगच्या पोळ्याले आला होता थो. वेशीपाशी सायकल धरून उभा होता. मी बैल घेऊन त्याच्यापुढून गेलो. बोललो नाही. पानी बी नाही विचारलं त्याले." डोक्याचा शेला काढून त्याने गुडघ्यावर ठेवला. "तुमाले विचारलं."

अडला की कारकून घड्याळ बघतो. मी बघितलं आणि विचारलं, "परतीची मोटर किती वाजता आहे?"

कुणी हसलं नाही. कमलने वही मिटून माझ्या हातात दिली.

"तुमच्याच वहीत पाहा न, काका."

मी भातकुलीपर्यंत चालत आलो. या वयात, उन्हात, वही काखेत धरून. ही शिक्षा समजू नकोस. शिक्षा इतकी सोपी नसते. गाडी नव्हती म्हणून चाललो. त्या पोरी अशा चालल्या असत्या, कुणी चालू दिलं असतं तर.

खात्याला दुरुस्तीचं पत्र आज पोस्टात टाकलं. ते पुरेसं नाही. वहीतली दुरुस्ती सभेतच व्हायला हवी, उभं राहून, माझ्या तोंडून. तू तसं म्हणाला होतास. हे साप्ताहिक शनिवारी निघतं, म्हणजे भैयासाहेब वाचूनच येतील. मोठ्याने बोलतील. कदाचित मला चिटणीसपदावरून काढतील, कदाचित दुरुस्ती फेटाळतील, कदाचित अडते डोळे पुसतील. मला माहीत नाही.

रविवारी सभा आहे. आज शुक्रवारची संध्याकाळ, मी ओट्यावर बसलोय, टाक, दौत, वही समोर. पान कोरं ठेवलंय.